चार तळी, एक जाळं

शफीभाई मासेवाल्यांना आपली मुलगी विद्यापीठात नेमकं काय करते हे सांगता येत नसे, तरी ते सगळ्यांना सांगत. शहागंजच्या बाजारात म्हणत, "पानी में जो दिखते नै, वो कीडों की पढाई कर री." कन्नडकडच्या शेतकऱ्यांना म्हणत, "डोळ्याला न दिसणाऱ्या जंतूंची डॉक्टर होणार हाय ती." आमरीनला दोन्हींचा संकोच वाटे. मासे आजारी पाडणाऱ्या जिवाणूंवर ती पीएचडी करत होती, आणि तिसरं वर्ष सुरू झालं तरी सांगण्यासारखं काही हाती लागलं नव्हतं.

शफीभाईंचा धंदा म्हणजे शेततळ्यातले मासे काढायचे. कन्नड तालुक्यात आता बरेच शेतकरी तळ्यात चिलापी जातीचे मासे सोडतात. मासे वजनाला आले की शफीभाईंना फोन जातो. ते टेम्पो घेऊन येतात, सोबत चार गडी आणि एक लांबलचक नायलॉनचं जाळं. जाळं तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढत न्यायचं, मोठे मासे निवडून घ्यायचे, लहान परत सोडायचे. हे जाळं शफीभाईंचा जीव की प्राण. फाटलं की फकिरा नावाचा त्यांचा जुना गडी ते सांधत बसे, आणि त्याच्या हातची गाठ सुटली असं कधी झालं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर चापानेरच्या रामकिसनचा फोन आला. शफीभाई त्याच्याकडून मासे घेऊन गेले होते त्याला आठवडा झाला असेल. मागं राहिलेले मासे मरायला लागले होते. शफीभाई दुसऱ्या दिवशी गेले आणि बर्फाच्या डब्यात चार मासे घालून थेट विद्यापीठात आले. मुलीच्या प्रयोगशाळेच्या दारात ते पहिल्यांदाच उभे होते. चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या होत्या.

"बघ बेटा," ते म्हणाले, "तू ह्याच्यासाठीच शिकलीस ना?"

माशांचे डोळे बाहेर आलेले होते, अंगावर लाल चट्टे होते, पोटं फुगलेली. आमरीननं पोट चिरलं तसं पिवळसर पाणी वाहिलं. आतून तिनं जो जिवाणू वेगळा केला तो एरोमोनास निघाला. तिच्या मार्गदर्शक करुणा मॅडम काचेच्या बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांकडं बघून म्हणाल्या, "हा तर नळाच्या पाण्यातसुद्धा सापडेल. गोड्या पाण्यात सगळीकडं असतो. माशाची ताकद कमी झाली, अंग खरचटलं, की हा आत शिरतो. ह्यात नवीन काय?"

पण मग पिशोरच्या तळ्यात तेच झालं. नंतर करंजखेडला, नंतर नाचनवेलला. प्रत्येक वेळी शेतकरी शफीभाईंना फोन करत आणि शफीभाई डबा घेऊन येत. चौथा डबा आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बरं, चारही पाठवूया. अख्खा जीनोम वाचून येऊ दे. प्रकल्पात तेवढी तरतूद आहे."

उत्तर यायला जानेवारी उजाडला. त्या मधल्या काळात आमरीनचं कशातच लक्ष लागेना. ती उगाच फ्रिज उघडून बंद करायची, लिहिलेलं पान खोडून परत लिहायची. घरी आई, वहिदाबी, म्हणायच्या, "बैठ ना जरा एक जागा पर. चक्कर आती तेरे को देख के."

माहिती आली त्या दुपारी ती संगणकासमोर बसली आणि पुन्हा उठली नाही. ह्या जिवाणूच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएत, पंचेचाळीस लाखांच्या आसपास अक्षरं असतात. चार तळी चार गावांना, प्रत्येकाचं पाणी आपापल्या विहिरीचं. चारही ठिकाणचे जिवाणू आपापल्या पाण्यातले असते तर त्यांच्यात हजारो अक्षरांचा फरक पडायला हवा होता. तिला फरक मिळाला तो बोटांवर मोजण्याइतका.

तिनं तुलना पुन्हा चालवली. तेच आलं. आणि ते थोडे फरकही कसेही विखुरलेले नव्हते. रामकिसनच्या तळ्यातल्यापेक्षा पिशोरचा एका अक्षरानं वेगळा होता. करंजखेडच्यात पिशोरची ती चूक जशीच्या तशी होती आणि वर दोन नव्या होत्या. नाचनवेलच्यात त्या तिन्ही होत्या आणि आणखी एक. परीक्षेत पोरं एकमेकांचं बघून लिहितात, तेव्हा कुणी कुणाचं पाहिलं हे मास्तरांना चुकांवरूनच कळतं. तसंच हे होतं.

आणखीही एक गोष्ट होती. करंजखेडच्या जिवाणूत मुख्य जीनोमखेरीज डीएनएचं एक लहानसं वर्तुळ सापडलं. त्यात टेट्रासायक्लिन ह्या औषधाला दाद न देणारं जनुक होतं. करंजखेडच्या मालकानं कुठूनतरी जनावरांचं औषध आणून तळ्यात टाकलं होतं, हे आमरीनला माहीत होतं. नाचनवेलच्या मालकानं मात्र कसलंच औषध वापरलं नव्हतं. तरी त्याच्या तळ्यातल्या जिवाणूत ते वर्तुळ होतं.

करुणा मॅडमनी सगळं बघितलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. "म्हणजे हा एकच आहे आणि कुणीतरी त्याला ह्या तळ्यातून त्या तळ्यात नेतंय. मत्स्यबीज एकाच ठिकाणचं होतं का?"

"नाही. चौघांनी चार ठिकाणांहून आणलंय."

"मग चारही तळ्यांत समान काय आहे?"

आमरीनला उत्तर त्याच क्षणी कळलं होतं. "बघते मॅडम," एवढंच ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती रिक्षात बसली नाही. विद्यापीठाच्या गेटपासून मकई गेटपर्यंत चालत गेली, तिथून रोशन गेटला घरापर्यंत चालतच. वाटेत ती मनातल्या मनात दुसरी कारणं शोधत राहिली. बगळे? बगळा एका तळ्यावरून उडून दुसऱ्यावर बसतो, पण बरोब्बर ह्याच चार तळ्यांवर, ह्याच क्रमानं? खाद्याची पोती? ती वेगवेगळ्या दुकानांतली. घरी पोचेपर्यंत एकही कारण टिकलं नाही.

अब्बा जेवायला बसले होते. आमरीननं भाकरी मोडली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अब्बा, रामकिसनभाऊंच्या नंतर तुम्ही कुठं गेला होता?"

"पिशोर," शफीभाई म्हणाले. आपल्या स्मरणशक्तीचा त्यांना अभिमान होता. "तिथून करंजखेड. मग नाचनवेल. त्याच्यानंतर शहरात लग्नाच्या ऑर्डरी होत्या म्हणून थांबलोय, जाळं तसंच गच्चीवर पडून हाय. का गं?"

"असंच."

ती उठली आणि गच्चीवर गेली. ताडपत्रीखाली जाळं ढीग करून ठेवलेलं होतं. वरून कोरडं, पण हात आत घातला तर गार आणि ओलं. फकिराच्या गाठींवर बोट फिरवलं की बुळबुळीत लागत होतं. ह्या जिवाणूला दोन तऱ्हेच्या शेपट्या असतात. एक टोकाला, पाण्यात पोहण्यासाठी. दुसऱ्या अंगाच्या बाजूंनी, पृष्ठभागाला लागल्यावर उगवणाऱ्या, त्यांच्या आधारे तो ओल्या जागेवर पसरत जातो. नंतर तो स्वतःभोवती चिकट थर करून त्यात राहतो. चारही जीनोममध्ये ह्या सगळ्याची जनुकं धडधाकट होती, आणि तिनं ती स्वतः वाचली होती. तिनं निर्जंतुक कापसाच्या काडीनं गाठी पुसून घेतल्या.

जिन्यात शफीभाई उभे होते. "क्या कर री?"

"तपासणी."

"जाळ्याची?" ते हसले. "जाळ्याला पण ताप येतो का आता?"

पूर्ण जीनोम पुन्हा वाचून यायला आठवडे लागले असते. तिनं फक्त त्या लहान वर्तुळाची आणि त्या चार अक्षरांची खूण तपासली. काडीवरून जे वाढलं त्यात सगळ्या खुणा होत्या. ती मॅडमच्या खोलीत गेली आणि जाळं कुणाचं आहे हे तिनं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथं काय करतेस?"

अब्बांना सांगायचं म्हणून तिनं सगळं पाठ करून ठेवलं होतं, पण बोलताना क्रम चुकला आणि पहिल्या वाक्यातच "तुमच्या जाळ्यातून" असं निघून गेलं. वहिदाबींनी गॅस बंद केला.

"माझ्या जाळ्यातून," शफीभाई म्हणाले. "लोक रोग पसरवतात, पाणी पसरवतं. जाळं तर धागा हाय. धाग्याला काय जीव?"

"धाग्याला नाही अब्बा. त्याच्यावर चिकटलेल्याला आहे. जाळं वाळतच नाही तुमचं. एका तळ्यातून काढता, ताडपत्रीखाली टाकता, दोन दिवसांत दुसऱ्या तळ्यात. आणि ओढताना माशांची अंगं घासतात. तिथूनच तो आत शिरतो."

"मेरे अब्बा बी ऐसाच करते थे. कभी मच्छी मरी नै."

"तेव्हा तळी नव्हती. नदी होती, वाहतं पाणी होतं."

शफीभाईंनी हात धुतले, बराच वेळ धूत राहिले. मग म्हणाले, "उद्या हतनूरला जायचंय. तनुजाताईंचं तळं. पहिलंच पीक हाय तिचं, मी शब्द दिलाय."

"हे जाळं नेऊ नका."

"धुऊन नेतो."

"नुसतं धुऊन जात नाही ते. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायला पाहिजे, मग कडक उन्हात वाळवायला पाहिजे."

"ब्लीचिंगनं धागा कुजतो," ते म्हणाले, आणि त्यावर बोलणं संपलं. नंतर वर गच्चीवर बादल्यांचा आवाज येत राहिला. साबणाचा वास खालपर्यंत येत होता.

सकाळी ती उठली तेव्हा टेम्पो गेलेला होता. वहिदाबी दारात उभ्या होत्या. "मैं बोली उनको, रुको," त्या म्हणाल्या. "सुने नै."

आमरीननं फोन लावला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. फकिराचा फोन लागतच नव्हता. ती मध्यवर्ती बसस्थानकावर गेली आणि कन्नडची जी पहिली एसटी दिसली तिच्यात चढली. दौलताबादच्या चढावर गाडी ट्रकच्या मागं अडकली. खुलताबादला ड्रायव्हर चहाला उतरला. आमरीन सीटवरून उठून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. कंडक्टर म्हणाला, "ताई, बसा. गाडी काय तुमच्या उभं राहण्यानं पळायची नाय."

हतनूरच्या फाट्यावर उतरून ती शेतातल्या वाटेनं अर्धं चालत, अर्धं पळत गेली. तनुजाचं तळं लांबूनच दिसलं. चारी बाजूंनी मातीचा बांध, आत काळा प्लास्टिकचा कागद. बांधावर माणसं उभी होती आणि पाणी उसळत होतं. जाळं आत होतं. पहिली ओढ अर्ध्यावर आली होती.

शफीभाई काठाशी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी मुलीला बघितलं आणि दोरी हातातून सोडली. गडी थांबले. जाळ्यात अडकलेले मासे उड्या मारत राहिले.

तनुजा बांधावरून खाली आली. तिशीच्या आतबाहेरची बाई. नवरा वाळूजला कंपनीत कामाला होता आणि तळं ती एकटी बघत होती. "काय झालं? का थांबलात?"

आमरीन बोलायला गेली, पण शफीभाईंनी हात वर केला. पाण्यातून बाहेर येऊन ते तनुजासमोर उभे राहिले. त्यांच्या पायजम्यातून पाणी गळत होतं.

"ताई, ही माझी मुलगी. ही म्हणती माझ्या जाळ्यातनं रोग फिरतोय. चार तळ्यांत फिरलाय. मला काल सांगितलं हिनं. मी तरी आलो."

तनुजानं त्यांच्याकडं बघितलं, मग पाण्याकडं. "काल माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तरी टाकलं जाळं?"

"मला खरं नाय वाटलं. आणि धुतलं होतं," शफीभाई म्हणाले. "आता हिला बघितलं तर वाटतंय खरं असंल."

तनुजा आमरीनकडं वळली. "आता काय करायचं ते सांगा. सगळं काढून टाकू? बरेच तर पाव किलोचे पण नाय झाले अजून. का राहू देऊ?"

आमरीनला त्या जिवाणूची चार हजारांवर जनुकं ठाऊक होती. माशाच्या रक्तपेशींना भोक पाडणारं विष कोणतं जनुक बनवतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. ह्या तळ्यात उद्या काय होईल ते तिला सांगता येत नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "धुतल्यामुळं कमी झाले असतील. मासे किती खरचटलेत त्यावर आहे. थंडी वाढली तर वाईट. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित सगळे जातील."

"हे तर मलाही सांगता आलं असतं," तनुजा म्हणाली. मग तिनं सांगितलं, "राहू द्या. जाळ्यात आलेत तेवढे घेऊन जा. बाकीचे राहू द्या."

आमरीननं जे करता येण्यासारखं होतं ते सांगितलं. खाद्य निम्म्यावर आणायचं, पाण्यात मीठ टाकायचं, हवेचा पंप बंद ठेवायचा नाही, मेलेला मासा दिसला की लगेच काढून पुरायचा. औषध टाकायचं नाही, कारण ह्याच्यावर ते चालणारच नव्हतं. तनुजानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी शफीभाईंना म्हणाली, "रोज यायचं तुम्ही. काय होतंय ते बघायला."

ते रोज गेले. धंदा त्यांनी थांबवलाच होता. सकाळची एसटी पकडायची, बांधावर दुपारपर्यंत बसायचं, संध्याकाळी परत. आमरीन प्रयोगशाळेतून फोन करायची, ते सांगायचे, "आज कायच नाय." दुसऱ्या दिवशी तेच. तिला बरं वाटायला हवं होतं, पण फोन ठेवला की ती परत उठून फेऱ्या मारायला लागायची. मॅडमनी शोधनिबंधाचा मसुदा मागितला होता. तिनं उघडलेली फाइल तशीच पडून होती.

मग एक दिवस ते म्हणाले, "तीन गेले."

त्यानंतर रोज काही ना काही मरत राहिले. शफीभाई पहिले मेलेले मासे बर्फात घालून घेऊन आले. आमरीननं तपासलं. तोच होता, सगळ्या खुणांसह.

"मीच नेलं," ते म्हणाले.

"हो," आमरीन म्हणाली.

तनुजानं मीठ वाढवलं, पंप चालू ठेवला. ऊन तापायला लागलं तसं मरणं कमी झालं आणि फेब्रुवारी संपता संपता थांबलं. बरेच गेले, पण अर्ध्याहून जास्त वाचले. का वाचले ते आमरीनला नीट कळलं नाही. साबणामुळं, मिठामुळं, उन्हामुळं, की एकच अर्धी ओढ झाली होती म्हणून. मॅडम म्हणाल्या, निबंधात तसंच लिही, की कळलं नाही.

जाळं शफीभाईंनी गच्चीवरच जाळलं. फकिरा तेवढा वेळ खाली ओट्यावर बसून राहिला, वर आला नाही. आता शेतकऱ्यांनी आपापलं जाळं आपापल्या तळ्यावर ठेवायचं आणि शफीभाईंनी फक्त माणसं घेऊन जायचं, असं त्यांनी ठरवलं. तनुजानं सगळ्यांच्या आधी जाळं विकत घेतलं. नाचनवेलवाला म्हणाला की तो आता दुसऱ्या व्यापाऱ्याला बोलावतो.

राहिला होता रामकिसन. शफीभाई आमरीनला घेऊन टेम्पोनं चापानेरला गेले. तळं आटलं होतं, तळाच्या कागदावर वाळलेला चिखल उलून पडला होता. रामकिसननं बाजेवर दोघांना बसवलं, चहा दिला. शफीभाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता. रोग रामकिसनच्या तळ्यातून पुढं गेला, हेही सांगितलं.

"म्हणजे मी दिला का तुम्हाला?" रामकिसननं विचारलं.

"असं नाही काका," आमरीन म्हणाली. "आम्ही तपासलेल्यांत तुमचं तळं पहिलं आहे, एवढंच. त्याच्या आधीचं आम्ही तपासलं नाही."

रामकिसन कपातल्या चहाकडं बघत राहिला. रागावल्यासारखा दिसत नव्हता, कसलातरी हिशोब लावत होता. मग त्यानं मान वर केली.

"शफीभाई, माझ्याकडं यायच्या आधी तुमचं जाळं कुठं होतं?"

शफीभाई बोलायला गेले आणि थांबले. त्यांची आठवण कधी अडत नसे, आताही अडली नव्हती. "फुलंब्रीकडं," ते सावकाश म्हणाले. "एक मोठं तळं हाय तिथं. पण तिथं मासे मेले नव्हते."

"मेले नव्हते," रामकिसन म्हणाला, "का त्यांनी तुम्हाला सांगितलं नाय?"

शफीभाईंनी आमरीनकडं बघितलं. ती बाजेवरून उठलीच होती. चहा तसाच ठेवून तिनं गाडीतून बर्फाचा डबा खाली काढला, आत रिकाम्या बाटल्या किती आहेत ते बघितलं आणि परत वर ठेवला.

"अब्बा, त्यांचा नंबर आहे का तुमच्याकडं?"

"हाय."

"मग लावा. तिकडंच जाऊ, वाटेत बोला."

शफीभाईंनी रामकिसनचा हात हातात घेतला, सोडला, आणि टेम्पोत बसले. गाडी सडकेला लागेपर्यंत त्यांनी फोन कानाला लावला होता, आणि पलीकडं घंटी वाजत होती.